करदाता परगावी आहेत

रविवारी दुपारी बाबा थोरलीच्या घरी आले ते हातात कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर लढाईला निघाल्याचा भाव घेऊन. पिशवीत वर्षभराच्या पावत्या होत्या. तिच्या पाठीवर घरात कोणीच नव्हतं, तरी तिला जन्मापासून थोरली म्हणत. बाबांचा बेत मोठा होता, आईनं तो पहिल्याच मजल्यावर थांबवला. आता थोरली चाळिशी ओलांडून एका महाविद्यालयात ग्रंथपाल झाली होती, पण चिकटलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाबा मोटारींचं वाइंडिंग करायचे. पाण्याचे पंप, पंखे, गिरणीच्या मोटारी. जळालेली तार उपसून काढायची, तांब्याची नवी तार वेटोळ्या-वेटोळ्यांनी भरायची, वार्निश लावून वाळत ठेवायची. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा त्यांनी दुकान विकलं आणि आलेली रक्कम एका मुदतठेवीत टाकली. त्यांचं आणि आईचं उरलेलं आयुष्य त्या ठेवीच्या व्याजावर चालायचं होतं. त्या ठेवीवर सरकारचा, चोरांचा आणि मामाचा डोळा आहे असं बाबांचं ठाम मत होतं. मामाला ते चहा पाजून वाटेला लावत. बाकीच्यांसाठी थोरलीचा लॅपटॉप होता.

कर द्यायला त्यांची ना नव्हती. ‘कायद्यानं मागितलेलं देईन,’ ते म्हणायचे, ‘पण माझ्या हातानं देईन, मोजून देईन आणि वर एक दमडी देणार नाही.’

‘सुरक्षेसाठी प्रश्न विचारतायत,’ थोरलीनं पडद्यावरचं वाचलं. ‘तुमचा आवडता रंग?’

‘बटाटा.’

‘बाबा, बटाटा हा रंग नाही.’

‘चोरालाही तसंच वाटणार.’

‘अहो, आकाशी लिहूया ना. तुम्हाला आकाशी आवडतो.’

‘ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दुकानाचं शटर आकाशी, स्कूटर आकाशी. चोर काय आंधळा आहे? बटाटा लिही.’

पहिल्या शाळेच्या जागी त्यांनी एका पंपाचं नाव सांगितलं. जिवलग मित्र म्हणून पाना. मग त्या यंत्रणेनं, जशी सगळ्या यंत्रणांची खोड असते, तेच प्रश्न उलटसुलट करून पुन्हा विचारले, आणि कुठे पाना सांगितला नि कुठे बटाटा हे बाबांना आठवेना. थोड्याच वेळात पडद्यावर लाल अक्षरं आली. विवरणपत्र अर्ध्यावर अडकलं आणि खातं दुसऱ्या दिवसापर्यंत बंद झालं.

‘झालं समाधान? तुमच्याच खात्यात तुम्ही चोर ठरलात.’

‘म्हणजे कुलूप पक्कं आहे,’ बाबा खूश होऊन म्हणाले. ‘उद्या सकाळी येतो. तू कामावर जायच्या आत.’

‘बरं,’ थोरली म्हणाली. ती तेव्हा लाल अक्षरांकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बुटाची नाडी बांधायला खुर्चीवर वाकले आणि वर उठलेच नाहीत. आईला वाटलं, नाडीला निरगाठ बसली असेल.

त्यानंतर जे जे करावं लागतं ते सगळं थोरलीनं केलं. डॉक्टरांना बोलावलं, दाखला काढला, त्याच्या प्रती काढून फायलीत लावल्या, आईच्या घरी मुक्काम हलवला, तिला वेळच्या वेळी दोन घास खायला लावले. एक गोष्ट तेवढी तिनं केली नाही, आणि ती कोणाच्या लक्षात आली नाही. झालं ते तिनं कोणाला तोंडानं सांगितलं नाही. तशी वेळच आली नाही म्हणा ना. नातेवाइकांना कळवण्याचं काम मामानं अंगावर घेतलं होतं, आणि ते तो इतक्या तपशिलानं करत होता की लोक भेटायला येत ते थोरलीपेक्षा जास्त माहिती घेऊन.

बाबांचा फोन ती रोज चार्ज करत होती. कशाला, असं कोणी विचारलं असतं तर ‘ओटीपी येतात’ हे उत्तर तिनं तयार ठेवलं होतं.

ओटीपी आला नाही, नोटीस आली. विवरणपत्र अपूर्ण आहे. मालमत्तेच्या विक्रीबाबत खुलासा करण्यासाठी करदात्यानं स्वतः हजर राहावं, अन्यथा ठेव गोठवण्यात येईल.

आपल्याकडे नोटीस आली की ती एकट्यानं वाचायची पद्धत नाही. संध्याकाळपर्यंत बैठकीच्या खोलीत समिती बसली.

‘उत्तरच द्यायचं नाही,’ मामानं सुरुवात केली. ‘उत्तर दिलं की त्यांना कळतं, इथं कोणीतरी आहे.’

‘पैसे काढा नि सोनं घ्या,’ शेजारच्या काकू म्हणाल्या. ‘सोन्याला पासवर्ड लागत नाही.’

‘आणि ठेवायचं कुठे?’

‘पिठाच्या डब्यात. माझं तिथंच असतं.’ हे बोलून गेल्यावर काकूंनी मामाकडे एकदा पाहिलं आणि नंतर बैठक संपेपर्यंत त्यांचं कशात लक्ष लागलं नाही.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क सगळ्यांत शेवटी बोलले. कायद्याचं कलम सांगितल्याशिवाय ते पाणीसुद्धा मागत नसत, म्हणून इमारतीत त्यांना कलमकाका म्हणत. ‘यात काही नाही,’ ते म्हणाले. ‘दाखला जोडायचा आणि वारसानं साधा अर्ज करायचा. वारसाला मुदत मिळते. इतकं सोपं आहे म्हणून कोणी करत नाही.’

थोरलीला हे पटलं. ती लगेच दुसऱ्या दिवशी जाणारही होती. पण त्याआधी सरकारच घरी आलं.

इथं बाबांच्या दारांबद्दल सांगायला हवं. त्यांनी घराला दोन दारं करून घेतली होती. बाहेर लोखंडी जाळीचं, आत लाकडी, आणि मध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा. आलेल्या माणसानं त्या जागेत उभं राहून आपण कोण ते पटवून द्यायचं, अशी योजना. जाळीचं दार आपोआप लागायचं आणि मग किल्लीशिवाय कुठल्याच बाजूनं उघडायचं नाही. आजवर त्यात दूधवाला, दोन पाहुणे आणि एकदा खुद्द बाबा अडकले होते.

त्या दिवशी थोरली कामावर आणि आई घरी एकटी. दारात एक गृहस्थ आला, बगलेत फाइल.

‘मी कर निरीक्षक. पत्त्याची खातरजमा करायला आलोय.’

‘ओळखपत्र?’

त्यानं दाखवलं.

‘असलं कोणीही छापतं. आत या, पण तिथंच थांबा.’

तो दोन दारांच्या मध्ये आला आणि मागचं दार लागलं. ‘बाई, तुम्ही असं करा, यजमानांना बाहेर बोलवा,’ तो म्हणाला.

संपलं. आईची खात्रीच पटली. बाबांनी तिला अनेक वर्षं शिकवून ठेवलं होतं की सरकारला सगळं माहीत असतं. मग ज्याला एवढंसुद्धा माहीत नाही तो सरकारी माणूस कसा असेल? तिनं लाकडी दार लावून कडी घातली आणि काकूंना हाक मारली. काकू कपडे वाळत घालायची काठी घेऊन आल्या आणि जाळीतून ती त्या गृहस्थाच्या दिशेनं रोखून उभ्या राहिल्या. कोणीतरी मामाला फोन केला आणि मामानं पोलिसांना. पोलीस आले आणि त्यांनी आत अडकलेल्या माणसाला सलाम ठोकला.

‘पाणी देऊ का, साहेब?’ आईनं आतून विचारलं.

साहेबांनी पाणी घेतलं नाही. किल्ली फिरताच कोणाचं एक अक्षरही न ऐकता ते निघून गेले. त्यांच्या अहवालातलं वाक्य थोरलीला पुढे वाचायला मिळालं. भाषेवर प्रेम असलेली बाई म्हणून तिला ते मनातल्या मनात आवडलंही. ‘करदात्याच्या कुटुंबाने निम्नस्वाक्षरीकारास दोन दारांमध्ये ठेवून अपेक्षित सहकार्य केले.’ ‘केले’च्या पुढचा ‘नाही’ टंकलेखकानं गाळला होता की साहेबांनी पाणी नाकारून झाल्यावर उपरोध स्वीकारला होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मग थोरली कार्यालयात गेली. दाखला फायलीत सगळ्यांत वर होता. खिडकीतल्या कारकुनानं तिच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही, एक अर्ज पुढे सरकवला. ‘करदाता स्वतः हजर नसल्याचे कारण’ याखाली तीन चौकोन होते. आजारी. परगावी. इतर. इतरच्या पुढे कारण लिहायला एक रेघ होती.

थोरलीनं पेन त्या रेघेवर टेकवलं. जगातल्या थोरामोठ्यांनी मरणाविषयी काय काय लिहून ठेवलंय ते तिच्या ग्रंथालयात एका अख्ख्या कपाटात होतं, आणि त्यातलं बरंचसं तिनं वाचलेलं होतं. रेघ लहानशी होती. लिहायचा शब्दही लहानच होता. मागचा माणूस खाकरला. त्याच्या मागचा म्हणाला, ‘बाई, निबंध लिहायचा नाहीये.’

थोरलीनं ‘परगावी’वर खूण केली.

‘कधी परतणार?’ कारकुनानं विचारलं.

‘सांगता येत नाही.’

‘कुठे गेलेत?’

‘लांब.’

‘बरोबर कोण आहे?’

‘एकटेच गेले.’

कारकुनानं आता मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्यानं अर्जावर तांबड्या शाईनं एक गोल काढला.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर थोरलीला आपण काय केलं ते कळलं. परत आत जाऊन खोडून द्यायला हवं हेही कळलं. तेवढ्यात पर्समधला बाबांचा फोन वाजला.

‘नमस्कार, मी बँकेच्या मुख्य शाखेतून बोलतोय. आपलं खातं आज संध्याकाळी बंद होणार आहे. काका आहेत का?’

हा चोर आहे हे पोरही सांगू शकलं असतं. खऱ्या बँकेच्या मदतकेंद्राला थोरलीनं त्या आठवड्यात कितीदा तरी फोन केले होते आणि दर वेळी तिला बासरी ऐकवण्यात आली होती. हा माणूस स्वतःहून फोन करत होता, अदबीनं बोलत होता आणि कुठलाही दाखला मागत नव्हता.

‘कोण काका?’ तिनं मुद्दाम विचारलं.

‘मोटारवाले काका हो. त्यांच्याशी माझं बोलणं होतं नेहमी.’

आणि हे खरं निघालं. संध्याकाळी आईनं खुलासा केला. ‘अगं, तो होय! तुझे बाबा त्याला तासतासभर लटकवून ठेवायचे. म्हणायचे, हा माझ्याशी बोलतोय तोवर दुसऱ्या कोणाला लुटत नाहीये. एकदा तो ओटीपी मागत होता तर हे म्हणाले, आधी सांग, तुझ्यामागे घरघरतंय काय? पंखा होता. मग ह्यांनी त्याला बेअरिंग बदलायला लावलं. फोनवरून!’

थोरलीनं त्या पायऱ्यांवर त्याला सांगितलं होतं, ‘काका बाहेर गेलेत.’ बाबांसारखं आपणही ह्याला लटकवून ठेवू, असं तिनं स्वतःला बजावलं. दोन-चार दिवसांनी तो पुन्हा बोलला तेव्हा काका गच्चीवर टाकी बघायला गेले होते. पुढच्या वेळी झोपले होते. त्याच्या पुढच्या वेळी केस कापायला गेले होते, आणि ‘एवढे केस आहेत का काकांना?’ असं त्यानं विचारल्यावर थोरली चक्क हसली. भेटायला येणारी माणसं आता यायची थांबली होती. जी बोलत ती बाबांविषयी ‘होते’, ‘करायचे’ असंच बोलत. काका काय करतायत, जेवले का, असं विचारणारा जगात हा एक भामटाच उरला होता. खातं मात्र त्याचं दर संध्याकाळी बंद होत होतं.

कार्यालयात जाऊन खूण खोडायचं राहिलं. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करता करता दुसरी नोटीस आली. करदाता मोठी रक्कम स्वीकारून अज्ञात स्थळी रवाना झाल्याचं दिसतं. सबब ठेव गोठवली आहे. अंतिम सुनावणीस कुटुंबानं हजर राहावं. अन्यथा करदात्यास फरार घोषित करून ठेव जप्त करण्यात येईल.

समिती पुन्हा बसली.

‘आपल्या नात्यात पहिलाच फरारी,’ मामा म्हणाला. आवाजात दुःख होतं, पण कौतुकही लपत नव्हतं.

‘पण तुम्ही दाखला दिलात ना?’ कलमकाकांनी विचारलं.

थोरलीनं फाइल उघडून दाखवली. दाखला अजून सगळ्यांत वरच होता.

‘काय लिहिलंत कारण?’

‘परगावी.’

कलमकाकांनी चष्मा काढून पुसला. त्यांना पहिल्यांदाच एकही कलम आठवलं नाही.

आई आतापर्यंत भिंतीला टेकून ऐकत होती. महिन्याचं व्याज आलेलं नव्हतं, हे तिनं अजून कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. वाण्याला ती ‘पुढच्या आठवड्यात’ सांगून आली होती. आयुष्यात पहिल्यांदा. आत्ता ती उसळली ती मात्र व्याजासाठी नाही. ‘फरार? हा माणूस? रांगेत कोणी पुढे घुसलं तर त्याला मागे नेऊन उभा करायचा, तो? अख्खा जन्म बोटांची सालटी काढून घेतली त्यानं तारेनं. त्यांना म्हणावं, या आणि माझ्या तोंडावर फरार म्हणून दाखवा. दोन दारांच्या मध्ये उभं राहून म्हणा!’

थोरलीनं आईकडे पाहिलं. हे आपण बोलायला हवं होतं, असं तिला वाटलं. एक चौकोन चुकीचा भरून आपण बाबांना चोरांच्या यादीत नेऊन बसवलं, आणि ज्या पैशाला त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाचा हात लागू दिला नाही, तो सरकारच्या हातात आपण होऊन ठेवला. तिच्या कानशिलात काहीतरी तापायला लागलं. बऱ्याच दिवसांनी तिला काहीतरी वाटत होतं, आणि तो राग होता हे किती बरं होतं.

सुनावणीच्या दिवशी ती ताठ मानेनं आत गेली. अधिकारी बाई तिच्याच वयाच्या होत्या, सर्दीनं बेजार. कोपऱ्यात ते निरीक्षक बसले होते. थोरली आत आल्यावर त्यांनी आधी दाराकडे पाहिलं आणि खुर्ची सरकवून ते थोडं उघडं ठेवलं.

‘दुकानविक्रीचा हिशेब मी तपासला,’ अधिकारी बाई रुमालात शिंकून म्हणाल्या. ‘तुमच्या वडिलांनी अर्ध्यावर सोडलाय, पण जेवढा केलाय तेवढा चोख आहे. असा हिशेब आमच्याकडे क्वचित येतो. भानगड पैशाची नाहीच. माणूस कुठाय?’

थोरलीनं फाइल मांडीवर घट्ट धरली. ‘माझ्या वडिलांना फरार म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही.’

‘मग त्यांना समोर आणा.’

‘त्यांनी एका पैशाचा कर कधी चुकवला नाही. तुम्ही आमच्या घराचं व्याज बंद केलंत. माझी आई वाण्याकडे मान खाली घालून जाते.’

‘बाई, ओरडू नका. तुम्ही स्वतः लिहून दिलंय, परगावी. कधी येणार, माहीत नाही. कुठे गेले, लांब. मी काय समजायचं?’ अधिकारी बाईंचा आवाज जरा खाली आला. ‘हे बघा, समजा करदाता हयात नसता, तर प्रश्नच नव्हता. दाखला घेतला असता, वारसाला मुदत दिली असती, आजच्या आज ठेव मोकळी केली असती. दुर्दैवानं तसं काही झालेलं नाही.’

त्याच क्षणी फोन वाजला. थोरलीचा नव्हे. पर्समधून बाबांची ती जुनी कर्कश घंटी सगळ्या खोलीत घुमली, आणि निरीक्षक खुर्चीतून अर्धे उठले.

‘हा करदात्याचा नंबर आहे,’ त्यांनी कागद बघून सांगितलं. ‘म्हणजे संपर्क आहे!’

‘उचला,’ अधिकारी बाई म्हणाल्या. ‘आणि स्पीकरवर टाका.’

‘नमस्कार ताई! आले का काका केस कापून?’

अधिकारी बाईंनी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

‘ही व्यक्ती कोण?’ अधिकारी बाईंनी विचारलं.

‘चोर,’ थोरली म्हणाली.

‘असं काय बोलता ताई,’ फोनमधून दुखावलेला आवाज आला. ‘मी बँकेच्या मुख्य शाखेतून—’

‘करदाता कुठे आहे?’ निरीक्षकांनी फोनच्या दिशेनं दरडावून विचारलं.

‘तेच तर मी विचारतोय, साहेब! कधी गच्चीवर, कधी झोपलेले. महिना झाला, काका काही सापडत नाहीत. आपण कुठल्या बँकेतून?’

निरीक्षकांनी अधिकारी बाईंकडे पाहिलं. अधिकारी बाईंनी कपाळाला हात लावला. ‘तुम्ही ह्यालाही तेच सांगत होतात?’

थोरलीनं मान डोलावली.

‘ताई, ऐकताय ना?’ फोन म्हणाला. ‘काका येणार नसतील तर सांगा तसं. मग आता त्यांचं खातं कोण बघतं तुमच्यात?’

‘बरोबर आहे,’ अधिकारी बाई नकळत म्हणाल्या. ‘करदाता येणार नसेल तर जबाबदारी कोणाची, तेवढं सांगा.’

इकडून सरकार विचारत होतं, तिकडून चोर विचारत होता, आणि प्रश्न एकच होता. थोरलीला हसू आलं. ते अर्ध्यातच मोडलं आणि डोळ्यांत काहीतरी भरून आलं, पण तिनं ते पुसलं नाही. तिनं फाइल उघडली, सगळ्यांत वरचा दाखला काढला आणि टेबलावर, फोनच्या शेजारी, सरळ करून ठेवला. मग ती उभी राहिली.

‘बाबा गेले,’ ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. बाहेरच्या रांगेतली माणसं उघड्या दारातून आत बघायला लागली. ‘माझे बाबा गेले. आता तुम्हा दोघांचीही गाठ माझ्याशी आहे.’